जनुक वाढलेलं दिसलं आणि रुग्ण लवकर गेले: एवढ्यावर प्रोग्नोस्टिक मार्कर ठरतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक संचातली यकृताच्या कर्करोगाची माहिती उतरवून घेतली. एका जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे ते किती चालू आहे, आजूबाजूच्या यकृतापेक्षा गाठीत जास्त निघाली. मग रुग्णांचे ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट पाडले, तर जास्त अभिव्यक्तीचे रुग्ण लवकर दगावलेले दिसले. पी-मूल्य, म्हणजे खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.००३. याला प्रोग्नोस्टिक मार्कर, म्हणजे रुग्णाचं भवितव्य सांगणारी खूण, म्हणता येईल का, आणि असे शेकडो शोधनिबंध असताना रुग्णालयात यातली एकही चाचणी का होत नाही, असं त्याने विचारलं आहे.

तुम्हाला दिसलेला संबंध बहुधा खरा आहे. मार्कर मात्र तो अजून नाही, आणि या दोन्हींत जे अंतर आहे ते पी-मूल्य आणखी लहान करून कापता येत नाही. यकृताच्या स्लाइड्स वाचणं हे माझं रोजचं काम आहे. अशा निबंधांचं परीक्षणही अधूनमधून करावं लागतं, त्यामुळे हे अंतर कुठे कुठे पडतं ते जरा सविस्तर लिहिते. यकृतपेशींपासून होणारा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे एचसीसी, एवढ्यापुरतंच बोलते. यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगांत साधारण ७५ ते ८५ टक्के हाच असतो आणि तुमच्या संचातही मुख्यतः तोच आहे.

आधी एक घोटाळा बाजूला काढू. ‘गाठीत जास्त’ आणि ‘रुग्णासाठी वाईट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लायपिकन-३ हे प्रथिन निरोगी प्रौढ यकृतपेशींत जवळजवळ नसतं, एचसीसीत बहुतेक वेळा असतं. म्हणून ते निदानाला उपयोगी पडतं. ग्लायपिकन-३, एचएसपी७० आणि ग्लूटामीन सिंथेटेज अशा तीन रंजनांचा (प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांचा) संच लहान, संशयास्पद गाठींसाठी आम्ही वापरतोच. पण ग्लूटामीन सिंथेटेज गाठभर गडद रंगलेलं दिसलं की त्यामागे अनेकदा बीटा-कॅटेनिनच्या जनुकातला बदल असतो, आणि अशा गाठी बऱ्याचदा सुघटित (मूळ यकृतपेशींसारख्या दिसणाऱ्या), सावकाश वाढणाऱ्या निघतात. म्हणजे अभिव्यक्ती भरपूर आणि भवितव्य तुलनेने बरं. तुमच्या निबंधात पहिली आकृती ‘गाठ विरुद्ध सामान्य’ अशी असेल, तर ती प्रोग्नोसिसबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय टीसीजीएतले ते पन्नासेक ‘सामान्य’ नमुने खरे सामान्य नव्हेत. कर्करोग झालेल्या माणसाच्याच यकृताचा तो उरलेला भाग आहे. त्यात अनेकदा हिपॅटायटिस, चरबी किंवा सिरोसिस (यकृतभर पडलेले व्रण) असतो.

आता मूळ प्रश्न. पी ०.००३ ऐकायला भारी वाटतं, पण एचसीसीत असं पी-मूल्य मिळवणाऱ्या जनुकांची रांग मोठी आहे. २०१७ मध्ये ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलसच्या गटाने सतरा प्रकारच्या कर्करोगांत प्रत्येक जनुकाचा जगण्याच्या कालावधीशी संबंध तपासला. मूत्रपिंड आणि यकृत या दोन अवयवांत असा संबंध दाखवणारी जनुकं हजारोंनी निघाली. तुमचं जनुक त्या हजारोंपैकी एक असणं हे आश्चर्य नाही, ते नसतं तर थोडं आश्चर्य वाटलं असतं.

इतकी जनुकं एकाच वेळी ‘भवितव्य’ सांगतात, कारण त्यातली बहुतेक दोनच गोष्टी वेगवेगळ्या तोंडांनी सांगत असतात. पेशी किती वेगाने विभागत आहेत ही एक. यकृतपेशीने आपलं यकृतपण किती सोडलं आहे ही दुसरी. एमकेआय६७, टीओपी२ए, सीडीके१, सीसीएनबी१, ऑरोरा कायनेज ए, सर्व्हायव्हिन हे सगळे एकाच माळेचे मणी: पेशीविभाजन वाढलं की सगळे मिळून वर जातात. उलट बाजूला अल्ब्युमिन, सायटोक्रोम पी४५० कुटुंब, अमिनो आम्लांची विल्हेवाट लावणारी विकरं. गाठ जितकी अनघड, तितकी ही खाली. तुमचं नवं जनुक यातल्या एका माळेला बांधलेलं असेल, तर त्याने सांगितलेली गोष्ट एडमंडसन आणि स्टायनर यांनी १९५४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवलेल्या ग्रेडमध्ये, म्हणजे गाठीच्या अनघडपणाच्या पायरीत, बरीचशी येऊन गेलेली आहे. आरएनए सिक्वेन्सिंग करून, म्हणजे सगळ्या जनुकांची अभिव्यक्ती मोजून, मिळालेलं उत्तर हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या साध्या स्लाइडवर आधीच दिसत होतं, असा प्रकार मी परीक्षणात पुन्हा पुन्हा पाहते.

स्तनाच्या कर्करोगात हे फार धारदारपणे दाखवलं गेलं. २०११ मध्ये व्हेनेट आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक निवडलेल्या जनुकांचे संच घेतले. कर्करोगाशी काही संबंध नसलेल्या विषयांवरचे, इतर संशोधनातून आलेले संचही घेतले. त्यातले बरेचसे रुग्णांच्या जगण्याशी ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ जोडलेले निघाले. पेशीविभाजनाचा परिणाम वजा केल्यावर ही जादू जवळपास ओसरली. म्हणून तुम्हाला पहिली सूचना ही: तुमच्या जनुकासोबत जगण्याचा अंदाज बांधणाऱ्या सांख्यिकी मॉडेलमध्ये एमकेआय६७ किंवा पेशीविभाजनाचा एखादा एकत्रित गुणांक घाला. त्यानंतरही तुमचं जनुक उभं राहिलं तर पुढे वाचण्यात अर्थ आहे.

दुसरी शंका गटांच्या सीमेची. ‘जास्त’ आणि ‘कमी’ कुठे तोडलं? मध्यकावर (बरोबर मधल्या मूल्यावर) तोडलं असेल तर ठीक, निदान प्रामाणिक आहे. पण ऑनलाइन साधनांत ‘सर्वोत्तम कटऑफ आपोआप शोधा’ असं एक बटण असतं, आणि विद्यार्थ्यांचा हात तिकडेच जातो. ते बटण प्रत्येक संभाव्य सीमेवर चाचणी करून सर्वांत लहान पी-मूल्य तुमच्या हातात ठेवतं. आल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं की असं केल्यावर पाच टक्क्यांची मानलेली चूक चाळीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. खरं तर गट पाडूच नका. अभिव्यक्ती सलग संख्या म्हणून मॉडेलमध्ये घाला. आलेख हवाच असेल तर तो नंतर, समजावण्यापुरता काढा.

यकृताची खरी अडचण मात्र पुढे आहे. इतर बहुतेक गाठींवर चालणारी पद्धत इथे अडखळते, कारण एचसीसीच्या रुग्णाला बहुधा दोन आजार असतात: गाठ, आणि ती ज्या जमिनीत उगवली ते आजारी यकृत. रुग्ण गाठीने दगावू शकतो, यकृत निकामी होऊन, किंवा रक्तस्रावाने. ‘एकूण जगणं’ हे मोजमाप या सगळ्यांची बेरीज आहे. तुम्ही जनुक मोजलं गाठीत, पण मृत्यू झाला सिरोसिसने, तर त्या आलेखातून काय वाचायचं? शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात गेलेले रुग्ण तर बाजूलाच काढायला हवेत. त्यांच्या मृत्यूचा गाठीच्या जनुकांशी संबंध जोडणं धाडसाचं आहे.

या प्रश्नावरचं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं काम २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. होशिदा आणि सहकाऱ्यांनी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेले जुने नमुने घेतले. त्यातले काही चोवीस वर्षांपर्यंत जुने होते. मोडकळलेल्या आरएनएवरही चालेल अशी पद्धत वापरून त्यांनी सुमारे ६,००० जनुकं मोजली. एकूण ३०७ रुग्ण: ८२ जपानमधले, ज्यांच्यावरून संच तयार केला, आणि २२५ अमेरिका-युरोपमधले, ज्यांच्यावर तो तपासला. गाठीच्या अभिव्यक्तीतून जगण्याच्या कालावधीशी लक्षणीय नातं निघालं नाही. गाठीशेजारच्या, कर्करोग नसलेल्या यकृतातून मात्र निघालं. तिथल्या १८६ जनुकांचा संच भवितव्य सांगत होता.

हे विचित्र वाटतं, पण शस्त्रक्रियेनंतरचा रोग कसा परततो ते पाहिलं की उलगडतं. गाठ काढल्यानंतर पाच वर्षांत सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्णांत रोग परत दिसतो. साधारण पहिल्या दोन वर्षांत परतणारा रोग बहुतेकदा मूळ गाठीचाच असतो, आधीच यकृतात सांडलेल्या पेशींपासून वाढलेला. दोन वर्षांनंतरचा अनेकदा नवा असतो: तीच आजारी जमीन, त्यात दुसरी गाठ. पहिल्या प्रकाराचा सुगावा गाठीत आणि तिच्या रक्तवाहिन्यांतल्या शिरकावात असतो. दुसऱ्याचा उरलेल्या यकृतात. होशिदांच्या रुग्णांत लहान, लवकरच्या अवस्थेतल्या गाठी जास्त होत्या, त्यामुळे उरलेल्या यकृताचा आवाज मोठा ऐकू आला. पुढे २०१३ मध्ये हाच १८६ जनुकांचा संच हिपॅटायटिस सी मुळे सिरोसिस झालेल्या, अजून कर्करोग नसलेल्या २१६ रुग्णांवर तपासला गेला. कुणाचं यकृत ढासळेल, कुणाला कर्करोग होईल, याचा अंदाज त्यातही येत होता.

तुमच्या संचात ‘एकूण जगणं’ आणि ‘रोग परतण्यापर्यंतचा काळ’ हे दोन्ही रकाने आहेत. दोन्ही स्वतंत्र पाहा, आणि रोग परतण्याचे दोन कालखंड पाडा. जनुक फक्त पहिल्या दोन वर्षांतच बोलत असेल, तर तुम्हाला त्याच्या कामाबद्दल काहीतरी खरं कळलं.

एकेका जनुकाऐवजी सगळ्या गाठींचं वर्गीकरण करण्याचे प्रयत्न यापेक्षा जास्त टिकले आहेत. २००४ मध्ये ली आणि थॉर्गीरसन यांच्या गटाने एचसीसीचे दोन वर्ग दाखवले, एकाचं भवितव्य दुसऱ्यापेक्षा स्पष्ट वाईट. २००७ मध्ये बॉयो, झुकमन-रॉसी आणि सहकाऱ्यांनी जी१ ते जी६ असे सहा गट पाडले: पहिल्या तिघांत गुणसूत्रांची अस्थिरता, पाच-सहामध्ये बीटा-कॅटेनिन मार्ग चालू. २००९ मध्ये होशिदांनी जगभरातले अनेक संच एकत्र करून एस१, एस२, एस३ असे तीन वर्ग मांडले. एस२ मध्ये एएफपी (भ्रूणाचं एक प्रथिन) जास्त आणि भ्रूणावस्थेतल्या यकृतपेशींची आठवण करून देणारी जनुकं, एस३ मध्ये सुघटित गाठी आणि बरं भवितव्य. नावं आणि आकडे वेगवेगळे, पण हे वर्ग एकमेकांवर बऱ्यापैकी बसतात. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर मोजून तेच चित्र आलं, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे. तुमचं जनुक यातल्या कोणत्या वर्गात वाढतं ते पाहिलंत, तर ‘वाईट’ म्हणजे नेमकं कशामुळे वाईट याचा धागा मिळेल. कारणाचाही विचार करा. हिपॅटायटिस बी मुळे झालेल्या गाठी आणि दारूने किंवा चरबीने झालेल्या गाठी यांचं आण्विक चित्र सारखं नसतं, आणि एका गटात कमावलेला कटऑफ दुसऱ्यात सहसा टिकत नाही.

व्यवहारात उतरू शकतील अशा लहान संचांत पाच जनुकांचा एक गुणांक मला दखल घेण्याजोगा वाटतो. नोल आणि झुकमन-रॉसी यांच्या गटाने तो २०१३ मध्ये मांडला: टीएएफ९, आरएएमपी३, एचएन१, केआरटी१९ आणि आरएएन. साध्या आरटी-पीसीआरने, म्हणजे ठरावीक जनुकांचीच आरएनए मोजणाऱ्या चाचणीने, मोजता येतो. यातल्या केआरटी१९ ला तर सिक्वेन्सिंगचीही गरज नाही. हे पित्तनलिकेच्या पेशींचं प्रथिन. यकृतपेशींच्या गाठीत ते पाच टक्क्यांहून जास्त पेशींत रंगलं, तर ती गाठ अधिक आक्रमक वागण्याची शक्यता धरायची, हे अनेक देशांतल्या पॅथॉलॉजिस्टनी स्वतंत्रपणे पाहिलं आहे. विचारलं तर मी हे रंजन करून देते. मात्र अहवालात त्याच्या खाली ‘म्हणून अमुक औषध द्या’ असं मला लिहिता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, चाचणी का होत नाही याचं, उत्तर बरंचसं यातच आहे. स्तनाच्या कर्करोगात एकवीस जनुकांची चाचणी रूढ झाली, कारण तिथे एक खरा निर्णय टांगलेला होता: केमोथेरपी द्यायची की नाही. २०१८ च्या टेलरएक्स चाचणीने मधल्या गुणांकाच्या बहुतेक स्त्रियांना केमोशिवाय चालतं हे दाखवलं. एचसीसीत शस्त्रक्रियेनंतर असा ठरलेला पर्यायच नाही. सोराफेनिब हे कर्करोगाचं औषध शस्त्रक्रियेनंतर देऊन पाहिलं. २०१५ च्या स्टॉर्म चाचणीत फायदा झाला नाही. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या औषधांच्या जोडीने आयएमब्रेव्ह०५० चाचणीत २०२३ साली आशा दाखवली. जास्त काळ पाठपुरावा केल्यावर तो फायदा टिकला नाही. रुग्णाला ‘तुमचा धोका जास्त आहे’ असं सांगून पुढे काही वेगळं करता येणार नसेल, तर ती चाचणी नेमकी कुणासाठी?

शिवाय नमुनाच हातात नसतो. सिरोसिस असलेल्या माणसात सीटी किंवा एमआरआयवर धमनीच्या टप्प्यात गाठ उजळली आणि नंतरच्या टप्प्यात फिकी पडली, की निदान होतं. बायॉप्सी न करताच उपचार सुरू होतात. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याचा धोका शेकडा दोन-तीनच्या आसपास असतो, म्हणून डॉक्टरही उगाच टोचत नाहीत. तुमच्या संचातले रुग्ण मुख्यतः शस्त्रक्रिया झालेले आहेत. म्हणजे यकृत बऱ्यापैकी चालणारे, गाठ काढता येण्याजोगी असलेले. सगळ्या एचसीसी रुग्णांत हे अल्पसंख्य. आणि जिथे सुईने तुकडा मिळतो, तिथेही त्याच गाठीच्या दोन टोकांची अभिव्यक्ती वेगळी येऊ शकते. दोन गाठी असतील तर विचारूच नका.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, आणि तो फार जुना आहे. एएफपी. अ‍ॅबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये उंदरांच्या यकृतगाठींत हे भ्रूणाचं प्रथिन शोधलं आणि टाटारिनोव्ह यांना ते लगेचच रुग्णांच्या रक्तात सापडलं. नीट पाहिलं तर हीसुद्धा जनुक अभिव्यक्तीच आहे: जन्मानंतर बंद झालेलं जनुक गाठीत पुन्हा सुरू होतं, आणि आपण त्याचं उत्पादन रक्तात मोजतो. सुई नको, आरएनए नको. रॅम्युसिरुमॅब या औषधाची पहिली रीच चाचणी सगळ्या रुग्णांत घेतली तेव्हा, २०१५ मध्ये, अयशस्वी ठरली. पण एएफपी ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा जास्त असलेल्यांत फायदा दिसला होता. मग फक्त अशा रुग्णांत रीच-२ घेतली. २०१९ मध्ये निकाल आला: मध्यक आयुष्य ८.५ महिने विरुद्ध ७.३. फरक लहान आहे, तो फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण मार्करने कोणाला औषध द्यायचं ते ठरवलं, आणि ते आधी ठरवून केलेल्या चाचणीत सिद्ध झालं. भवितव्य सांगणारा मार्कर आणि उपचाराचा परिणाम सांगणारा मार्कर यांतला फरक याहून स्वच्छ उदाहरणाने समजावणं मला जमणार नाही.

रुग्णांचे नातेवाईकही कधी कधी एखाद्या जनुकाचं नाव लिहून आणतात आणि ही तपासणी करून घेऊ का, असं विचारतात. त्यांना मी अहवालातल्या ओळी दाखवते: गाठीचा आकार, संख्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का, ग्रेड, कडा मोकळ्या आहेत का, उरलेल्या यकृतात सिरोसिस आहे का. शस्त्रक्रियेच्या आधीचं एएफपी त्यात जोडा. आज तरी एका जनुकाच्या आकड्यापेक्षा या ओळी जास्त सांगतात.

तर तुमच्या जनुकाचं पुढे काय? आधी संच स्वच्छ करा. टीसीजीएच्या यकृत-संचात ३७१ रुग्णांचे ३७४ गाठीचे नमुने आहेत. परतलेल्या गाठींचे दोन-तीन नमुने नकळत दुसऱ्यांदा मोजले जातात. त्यात फायब्रोलॅमेलर आणि पित्तनलिकेशी मिश्र अशा वेगळ्या जातीच्या गाठीही आहेत, त्या काढा. मग दोन मॉडेल बनवा: एकात टप्पा, शिरकाव, ग्रेड, एएफपी आणि यकृताचं कार्य, दुसऱ्यात हेच सगळं अधिक तुमचं जनुक. दुसरं मॉडेल पहिल्यापेक्षा किती सरस ठरतं ते सी-इंडेक्स (रुग्णांचा धोक्यानुसार क्रम किती बरोबर लागतो) आणि कॅलिब्रेशनने (सांगितलेला धोका प्रत्यक्षाशी किती जुळतो) मोजा. जनुकाचं पी-मूल्य बाजूला राहू द्या. त्यानंतर मॉडेलमधले तेच गुणक, आणि कटऑफ ठेवलाच असेल तर तोही, काहीही न बदलता, दुसऱ्या संचात लावा: जीएसई१४५२० या सार्वजनिक संचात मुख्यतः हिपॅटायटिस बी चे चिनी रुग्ण आहेत, आयसीजीसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग-जनुक प्रकल्पाचा जपानी संच वेगळा आहे. दोन्हीकडे टिकलं तर ही आरएनए कोणत्या पेशीतून येते ते एकपेशीय डेटात (जिथे एकेक पेशी वेगळी मोजलेली असते) पाहा. पुष्कळदा ती गाठीची नसतेच, गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींची किंवा रक्तवाहिनीची असते, आणि मग निबंधाचं शीर्षकच बदलावं लागतं.

यापुढे एखादा पॅथॉलॉजिस्ट गाठा आणि चाळीस-पन्नास मेणातल्या नमुन्यांवर प्रथिनाचं रंजन करून बघा. कोणता रुग्ण जगला, कोणता गेला हे रंजन वाचणाऱ्याला माहीत नसावं. लिहिताना, मार्करवरचे निबंध कसे लिहावेत हे सांगणाऱ्या २००५ च्या रिमार्क सूचना समोर ठेवा. तोपर्यंत शीर्षकात ‘नवा प्रोग्नोस्टिक मार्कर’ असं न लिहिता ‘जगण्याच्या कालावधीशी संबंध’ एवढंच लिहा. परीक्षणाला माझ्याकडे आला तर पहिली दुरुस्ती मी तीच सुचवेन.